छपराला पाडलेलं भोक

मिस्त्री गेला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि घराच्या छपराला दीड वीत रुंदीचं भोक पडलेलं होतं.

तोवर काम झकास चाललं होतं. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात विटांचा ओटा रचून त्यावर त्याने लोखंडी शेगडी बसवली. ओळंबा सोडून वर खूण केली, टेबलावर उभं राहून आतूनच फळ्या आणि पत्रा गोल कापला. मग बाहेर शिडी लावली. आता छपरावर जाऊन धुराची नळी बसवायची, भोवती पत्र्याची कॉलर ठोकायची आणि वर टोपी घालायची, एवढंच उरलं होतं. तो दोन-तीन पायऱ्या चढला, थांबला, उतरला.

"ताई, पत्रा जोडायची रिबिटं दुकानात राहिली. घेऊन आलोच," म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला.

तो त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन केला की "निघालोच" म्हणायचा.

ती घरीच शिवणकाम करायची. नवरा पुलाच्या कामावर परगावी, अजून तीन आठवडे तरी येणार नव्हता. घरात ती आणि सासूबाई. सासूबाईंचे सांधे थंडीत धरायचे, म्हणून तर शेगडीचा घाट घातलेला. आता थंडी वरून थेट घरात उतरत होती. भोकात तिने जुनी गोधडी कोंबली, खाली बादली ठेवली. वारा सुटला की पत्रा थडथडायचा आणि तिचा पाय शिलाई मशीनवरून आपोआप उचलला जायचा. दुसऱ्या दिवशी तिने एका झग्याची डावी बाही उजवीकडे जोडली, उसवली, आणि पुन्हा तिथेच जोडली.

"चिमणी बसवायला आला आणि चिमणीसारखाच भुर्रकन उडाला," दोन शाली गुंडाळून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "आणि तू सारखी ऊठबस करू नकोस. मला गरगरतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. तिने चपला घातल्या आणि तडक मिस्त्रीचं दुकान गाठलं.

तो आतच होता. पत्र्याची कॉलर तयार होती, टोपी तयार होती, रिबिटांचा डबा समोर उघडा होता. ती दारात दिसताच त्याने हातोडी उचलली आणि उगाच काहीतरी ठोकायला लागला.

"मिस्त्री, सामान तयार आहे. मग अडलंय कुठे?"

"आज येणारच होतो."

"हे मी तीन दिवस ऐकतेय. म्हातारं माणूस कुडकुडतंय घरात. पाऊस आला तर मी छत्री धरून टेबलावर उभी राहू?"

हातोडी थांबली. पन्नाशी उलटलेला माणूस, पण मान खाली घालून बसला तो पोरासारखा.

"ताई, दोन महिन्यांपूर्वी एका छपरावरून घसरलो. खाली गवताची गंजी होती, खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून शिडीवर पाय ठेवला की संपलं. हात सुटत नाहीत की पुढे जात नाहीत. घरात सांगितलं नाही. आमची बायको म्हणेल, धंदा बंद करा."

"मग भोक पाडलंत कशाला?"

"वाटलं, भोक पाडलं की चढावंच लागेल."

तिला भयंकर संताप आला. आणि तशातही कसं कोण जाणे, त्याचं म्हणणं तिला कळलं. ती बाहेर गेली, आभाळाकडे बघितलं, परत आत आली.

"सामान सायकलला बांधा. वर मी चढते. तुम्ही खालून सांगा."

"अहो ताई, भलतंच काय!"

"दोर आहे का चांगला? तोही घ्या."

सासूबाईंनी आधी कपाळाला हात लावला, मग दोराची गाठ स्वतः दोनदा ओढून बघितली. दोराचं एक टोक घरामागच्या झाडाला, तिथून छपराच्या कण्यावरून पलीकडे, दुसरं तिच्या कमरेला. आकड्याची लाकडी शिडी कण्याला अडकवली होती. ती पत्र्यावर पोचली. वारा कानात शिरत होता. खाली बघायचं नाही असं ठरवून तिने लगेच खाली बघितलं.

मिस्त्री आतून नळी वर सरकवत होता. दोघांना एकमेकांचं ऐकू जाईना, म्हणून सासूबाई दारात उभं राहून निरोप पोचवत होत्या.

"तो म्हणतो, नळी लाकडाला टेकू देऊ नकोस. चार बोटं मोकळी ठेव सगळीकडून. आणि मी म्हणते, पदर खोच!"

नळी एकदा हातातून निसटून हातभर खाली गेली. आतून मिस्त्री ओरडला. "काय म्हणाला ते सांगत नाही," सासूबाई म्हणाल्या.

कॉलर मात्र बसेना. पत्र्याला पन्हळी होत्या आणि कॉलरची कड सपाट. फटीतून सरळ पाणी आत गेलं असतं. मिस्त्री अंगणात येऊन वर बघू लागला. बघतानाही त्याने भिंतीवर हात टेकला होता.

"ताई, माप वरूनच घ्यावं लागतं. मी वर असतो तर..."

"आई, माझ्या मशीनजवळचा खाकी कागद द्या. आणि खडू."

तिने कागद पन्हळींवर दाबला, कपडा बेतताना बगलेचा आकार काढतात तसा वळसा आखला, आणि सुरळी खाली टाकली. मिस्त्रीने अंगणात बसून त्याबरहुकूम पत्रा कापला, ठोकून वाकवला. दुसऱ्यांदा कॉलर अशी बसली की नख जाईना. तिने रिबिटं ठोकली, कडेने फट बुजवायला काळं लुकण भरलं, आणि टोपी आवळत असतानाच पहिले थेंब पत्र्यावर पडले. उतरताना ती अर्धी पायऱ्यांवरून, अर्धी घसरतच आली.

मिस्त्रीने शेगडीत कागद पेटवला. धूर क्षणभर शेगडीच्या दारातून बाहेर आला, सगळे खोकले, आणि मग कोणीतरी वरून ओढून घ्यावा तसा आत गेला. लोखंड तापलं, नव्या रंगाचा उग्र वास सुटला. सासूबाईंनी पाय पुढे केले आणि अंगावरची एक शाल काढून ठेवली.

ती मात्र बसेना. तीन वेळा पावसात जाऊन धूर बघून आली. हाताला लुकण, कोपर सोललेलं, आणि अंगात अजून वारा भरल्यासारखं.

मिस्त्री चहाचा कप हातात फिरवत होता. शेवटी म्हणाला, "ताई, एक सांगायचं राहिलं. अशी अजून दोन छपरं उघडी आहेत."

"दोन?"

"एका घरी तान्हं मूल आहे."

तिने कपाळावरचे ओले केस मागे सारले. मशीनवर झगा तसाच पडला होता, उद्या द्यायचा कबूल केलेला.

"अगं, टेक आता जरा," सासूबाई म्हणाल्या.

"पाऊस थांबला की निघू," ती मिस्त्रीला म्हणाली. "पण आज घरी जाऊन बायकोला सगळं सांगायचं. नाहीतर मी सांगेन."

त्याने मान हलवली. तिने खाकी कागदाचा गठ्ठा काढला, लागेल तेवढा मोजून फाडला, आणि दारात उभी राहून पाऊस कधी थांबतोय ते बघत राहिली.