भरलेल्या जाळ्याची हाक

मित्रांनो, माझी बॅटरी केव्हाच संपली आहे. बंदरावरच्या एका कपाटात मी पडून असतो. पण जे घडले ते मला विसरता आलेले नाही, म्हणून एकदा तुम्हाला सांगून टाकतो.

मी मासेमारीच्या मोठ्या जाळ्याला बांधायचा एक जुना सेन्सर आहे. रंगाने पिवळा, हातभर लांब, जाड नळकांड्यासारखा. कारखान्यात मला पाण्याच्या टाकीत घालून इतका दाब दिला की माझ्याबरोबरचे दोघे तिथेच तडकले. मी टिकलो, आणि एका बोटीवर रुजू झालो.

माझे काम ऐका. बोट जे जाळे ओढत नेते, त्याच्या शेवटी एक लांब पिशवी असते. मासे त्या पिशवीत साठतात. ती आधी शेपटाकडून भरते आणि भरत भरत तोंडाकडे येते. मासे माझ्यापर्यंत पोहोचले की जाळे ताणले जाते, माझी दोरी खेचली जाते आणि मी पाण्यातून हाक देतो. वर कप्तानाच्या खोलीत लाल दिवा लागतो. पिशवी भरली, आता जाळे वर घ्या. म्हणून मला कुठे बांधतात याला फार महत्त्व. शेपटाजवळ बांधले तर मी लवकर बोलतो, पुढे सरकवले तर उशिरा.

मला बांधायचे काम एकाच माणसाचे होते. त्यांना सगळे गाठीमास्तर म्हणत. ते कप्तानाचे सख्खे मेहुणे, त्यांच्या बायकोचे धाकटे भाऊ. ते शेपटापासून हाताने माप घेत, दोन्ही बाजूंनी मला आवळत आणि वर एक जास्तीची दोरी टाकत. मग दोरी बोटाने ओढून दिवा लागतो का ते पाहत.

बोटीवरचे लोक त्यांची थट्टा करायचे. "लग्नाची तेवढी सोडून मास्तरांना सगळ्या गाठी येतात."

"त्या गाठीला दोन माणसं लागतात," मास्तर म्हणायचे. "ही मी एकटा बांधतो."

सहा वर्षे आम्ही असे काम केले. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे कप्तान कौतुकाने सांगत. मला ते ऐकून बरे वाटायचे.

मग एक महिना असा आला की जाळे जवळजवळ रिकामेच वर यायचे. एके दिवशी दुपारी माशांची मोठी झुंड दिसली. कप्तान स्वतः बोटीच्या मागच्या टोकाला आले.

"याला चार हात पुढे घे," ते म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली. "दाजी, तिथं बांधला तर हा बोलेपर्यंत पिशवी बोटीला झेपणार नाही."

"आज अर्ध्या पिशवीवर भागायचं नाही."

"मग दोनदा टाकू जाळं."

"झुंड आपली वाट बघत बसणार आहे का?"

"मी नाही बांधणार तिथं," मास्तर म्हणाले.

तेव्हा कप्तानांनी मला आपल्या हाताने सोडवले आणि चार हात पुढे बांधले. मास्तर बाजूला उभे होते.

मित्रांनो, त्या दिवशी मी खोटे बोललो नाही. जिथे होतो तिथून मी खरेच बोललो. पण ते खरे फार उशिराचे होते.

जाळे वर यायला लागले तेव्हा वारा वाढला होता. मी पाण्याबाहेर आलो आणि पाहिले, बोटीचे मागचे टोक लाटांच्या बरोबरीला आले होते. तारा ओढणारे यंत्र कण्हत होते.

"दाजी, जाळं सोडा," मास्तर ओरडले.

"थोडंच राहिलंय," कप्तान म्हणाले.

एक लाट बोटीवर चढली, तशी दुसरीही चढली. मास्तर धावत गेले आणि त्यांनी यंत्राचा ब्रेक सोडून दिला. तार सुसाट निघाली, तिचे टोक चाकावरून सुटले आणि जिथे मास्तर उभे होते तिथून फिरले. मी ते क्षणभरच पाहिले. मग पिशवीने मला खाली नेले.

वर बोट गोल गोल फिरू लागली. तिचा आवाज मला ऐकू येत होता. मला वाटले, मलाच शोधत आहेत. मी हाका देत राहिलो. भरले आहे, मी इथे आहे, वर घ्या. दुसऱ्या दिवशीही बोट फिरत होती. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला.

बाराव्या दिवशी माझी बॅटरी संपली. जाळ्याचे काम मात्र संपले नाही. आतले मासे मेले. त्यांना खायला खेकडे आले, तेही अडकले. खेकड्यांच्या मागे आणखी मासे आले. सगळे वाट शोधत माझ्या अंगाला घासत जायचे आणि हळूहळू निपचित व्हायचे. कोणी ओढणारे नव्हते, कोणी खाणारे नव्हते. दोन वर्षे मी हे पाहिले. मला तेव्हा बोलता आले असते तरी मी काय बोललो असतो?

एके दिवशी वरून लोखंडी आकडे खाली आले. हरवलेली जाळी काढणारी ती बोट होती. तिच्यावर आमचे कप्तान उभे होते, पार खंगलेले, आणि शेजारी त्यांची बायको. माझा भाऊ जिथे गेला ती जागा एकदा दाखवा, असे ती दोन वर्षे म्हणत होती आणि ते टाळत होते. शेवटी त्यांनीच बंदराच्या कचेरीत जाऊन जागा सांगितली होती.

भाऊ गेला, हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. तेव्हा मला कळले की ती बोट माझ्यासाठी फिरत नव्हती. तारेने समुद्रात फेकलेल्या मास्तरांना ती शोधत होती, आणि ते सापडलेच नाहीत.

जाळे काढणाऱ्या बाईने मला पाहून सहज विचारले, "हा इतका पुढं कुणी बांधला?"

"मी," कप्तान म्हणाले. "तो नको म्हणत होता. नंतर जाळं सोडा म्हणाला, तेही मी ऐकलं नाही. बोट त्यानं वाचवली."

त्यांच्या बायकोने माझ्या गाठीला हात लावला. मग म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही मला समुद्राची चूक सांगत होतात."

कप्तान माझी दोरी सोडवू लागले.

"आता हे बंदरावर सगळ्यांसमोर सांगा," ती म्हणाली. "मी शेजारी उभी राहते. पण सांगायचं तुम्ही."

त्यांनी सांगितले. मी तिथल्याच टेबलावर होतो. कप्तानांनी काही गाळले नाही. त्यानंतर त्यांनी बोट चालवली नाही. आता दोघे जाळी काढणाऱ्या बोटीवर जातात. येता-जाता फारसे बोलत नाहीत, असे ऐकतो.

मित्रांनो, यंत्रावर विश्वास जरूर ठेवा, पण ते कुणी, कुठे आणि कशासाठी बांधले आहे हे आधी विचारा. जो माणूस नको म्हणतो आहे, त्याचे वेळेवर ऐका. आणि तुमचे जाळे कधी समुद्रात राहिलेच, तर लाज वाटली तरी जागा त्याच दिवशी सांगा. खाली राहिलेले जाळे थांबत नाही. त्याला थांब म्हणणारे तिथे कोणी नसते.