धुळाजीनं मेंढरं मोजली

धुळाजीची मेंढरं किती, असं विचारणारा माणूस तलवाड्याच्या धनगरवस्तीवर एकतर परका असतो, नाहीतर अर्धवट. शहाणा माणूस विचारत नाही. विचारलंच कुणी, तर उत्तर ठरलेलं, "हायती बिरोबाच्या किरपेनं धा-वीस." मग मागचा अख्खा माळ मेंढरांनी झाकून गेलेला का असेना. आकडा तोंडातून निघाला की दृष्ट लागते आणि कळपाला उतरती कळा लागते, हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. धुळाजीला मोजायची गरजही नव्हती. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरताना तो तोंडाशी उभा राहायचा. एखादं जरी मागं राहिलं असलं तरी त्याच्या मनात पाल चुकचुकायची आणि तो काठी घेऊन उलट्या पावली माळाकडं निघायचा.

त्याची सून संगीता बारावी शिकलेली. नवरा लखन माजलगावच्या एका साखर कारखान्यावर कामाला, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. त्यामुळं वस्तीवरचा फोन आणि औषधपाण्याची जबाबदारी संगीतावर. तिच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची होती ती 'पशुसेतू' कंपनीची पांढरी गाडी. दर बाजारच्या दिवशी ती वस्तीवर यायची. त्यात शिवशंकर नावाचा तरुण डॉक्टर, त्याच्या सुया, आणि बर्फाच्या पेटीत लसी. पावसाळ्याच्या तोंडावर तो सगळ्या कळपांना लस टोचायचा. कोवळं गवत पोटभर खाऊन मेंढरं पटापट मरतात, तो आंत्रविषार गाडी यायला लागल्यापासून वस्तीवर फिरकला नव्हता. आधी दर वर्षी कोकरं पुरायला खड्डे खणावे लागत. संगीता लग्न होऊन आली त्या साली तिनं ते पाहिलं होतं.

मग एकदा हिवाळ्यात कंपनीला वाटलं, आपण आपल्या गिऱ्हाइकाला ओळखतच नाही. वाटलं ते खरंच होतं. कंपनीनं त्यावर उपाय म्हणून सत्यम नावाचा एक पोरगा पाठवला. शर्ट खोचलेला, हातात टॅब, बोलायला गोड. धुळाजीनं त्याला बाजेवर बसवलं, संगीतानं चहा टाकला.

"बाबा, तुमच्याकडं जनावरं किती?"

"हायती की धा-वीस," धुळाजी म्हणाला.

सत्यमच्या पाठीशी कळप चरत होता. एक कोकरू तर त्याच्या बुटाची लेस चघळत होतं. त्यानं मान वळवून माळाकडं पाहिलं, पुन्हा टॅबकडं पाहिलं आणि पंधरा असं लिहिलं. त्याला शिकवून पाठवलं होतं की ग्राहक सांगेल तेच नोंदवायचं, पदरचं काही घालायचं नाही. माणूस समजून घ्यायला माणूस पाठवायचा आणि त्याला डोळे घरी ठेवून जा म्हणायचं, हे कंपन्यांनाच जमतं.

"डॉक्टरांच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

धुळाजीनं जरा विचार केला. डॉक्टर त्याला पोटच्या पोरासारखा. पण पुरं माप घालायचं म्हणजे त्या पोराचं वाईट चिंतल्यासारखंच. लेकराला गालबोट लावतात ते काय लेकरू नावडतं म्हणून?

"पाच लिवा," तो म्हणाला. "लई गुनाचं लेकरू हाय."

सत्यमनं पाच लिहिले. गुणाचं लेकरू लिहायला टॅबमध्ये जागा नव्हती.

"आणि समजा, गाडी यायची बंद झाली, तर तुम्हाला कितपत अडचण होईल?"

दारी आलेल्या पाहुण्याला 'तुझ्यावाचून आमी मरू' म्हणायचं, म्हणजे पदर पसरण्यातलाच प्रकार. धुळाजी हसला. "न्हाई बाबा, अडचन कसली? कावून एवढ्या लांब हेलपाटे घालता? आमच्यापायी तरास करून घेऊ नका."

चुलीपाशी बसलेल्या संगीताला हे सगळं ऐकू येत होतं आणि तिला हसू येत होतं. धा-वीस म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याला कळणारच, असं तिला वाटलं. तिला कधी वेगळं काही कळलंच नव्हतं.

सत्यम तिथून शेजारच्या आसारामाकडं गेला. वस्तीतल्या वडीलधाऱ्या माणसानं धा-वीस सांगितल्यावर आसारामानं त्याच्या वर जायचं कसं? त्यानं धा-बारा सांगितली. विमलबाई बिचारी नवऱ्यामागं कळप सांभाळणारी. ती म्हणाली, "असतील पाच-सा." अशी दुपारपर्यंत अख्खी वस्ती टॅबमध्ये भिकेला लागली.

उन्हाळ्यात एका बाजारच्या दिवशी शिवशंकर डॉक्टर आला तो गाडीतून खाली उतरेचना. संगीता जवळ गेली.

"वहिनी, पुढच्या हप्त्यापासून गाडी न्हाई."

"कावून?"

"वर कागदावर तलवाड्यात जनावरंच न्हाईत. जी हायत त्यांना गाडीची गरज न्हाई. आन् डॉक्टर तर लोकांना बिलकुल आवडत न्हाई म्हनं." त्यानं हसून पाहिलं, पण ते हसू काही जमलं नाही. "मला माजलगावकडं गायांच्या गोठ्यावर टाकलंय."

"आवो, पन तुमी तर डोळ्यानं बघताय!"

"सांगितलं की मी. तर म्हनले, तुमचं मत बाजूला ठेवा, ग्राहक काय म्हनतो ते महत्त्वाचं."

"मग लस?"

"लस अजून आलीच न्हाई. आली असती तर टोचूनच गेलो असतो." मग आवाज खाली करून तो म्हणाला, "माजलगावात कंपनीचा मेळावा हाय. मोठे साहेब येनारेत. धुळाजीमामांनी त्यांच्यासमोर उभं राहून खरा आकडा सांगितला, तर फिरंल एखादेवेळेस. दुसरं मला तरी काई सुचत न्हाई."

संगीतानं ते घरी सांगितलं तेव्हा सासू रतनबाई तिच्या अंगावरच आली. "येडी का खुळी तू? माज्या सासऱ्यानं मोजली न्हाईत, त्याच्या बापानं मोजली न्हाईत."

संगीतानं गेवराईच्या औषधाच्या दुकानात चौकशी केली. दुकानदार मागवून देतो म्हणाला आणि मागवतच राहिला. सरकारी दवाखान्यातली लस आली तशी संपली होती. तीही पशुगणनेच्या आकड्यावर आलेली, आणि गणनेला आलेल्या मास्तरालाही वस्तीनं धा-वीसच सांगितली होती. संगीता रोज सासऱ्याच्या मागं लागली. "मामा, येकदाच. देव काय समजून घेनार न्हाई का? खड्डे खनायचे का पुन्हा?"

धुळाजी ऐकून घ्यायचा आणि उठून कळपाकडं जायचा. शेवटी एके दिवशी जेवता जेवता म्हणाला, "सांगतो. पन किती हायती, ते मला तरी कुटं म्हाईत हाय?"

ते खरंच होतं. मोजावी लागणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळाजीनं वाघरीच्या तोंडाशी पायातल्या वहाणा काढल्या. देवाच्या दिशेनं हात जोडून काय पुटपुटला ते त्यालाच माहीत. मग जाळी थोडीशी बाजूला केली आणि एकेक मेंढरू बाहेर जाऊ द्यायला लागला. तो विसाविसानं मोजत होता. एक वीस झाली की संगीता पदरातला खडा जमिनीवर ठेवायची. रतनबाई आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. मधेच धुळाजी नुसत्या ओठानंच मोजायला लागला. ज्या हातानं त्यानं अडलेल्या मेंढ्यांची कोकरं ओढून काढली होती, तोच हात तो प्रत्येक पाठीवर टेकवत होता.

सगळी बाहेर आली तेव्हा तो खाली बसला. "येवढी?" म्हणाला. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, भीती होती. संगीताचा मात्र ऊर भरून आला. एवढं ऐकल्यावर कुठली कंपनी नाही म्हणेल, असं तिला वाटलं.

माजलगावच्या मंगल कार्यालयात मेळावा होता. खुर्च्यांवर बहुतेक ऊसवाले बागायतदार. साहेब चांगला माणूस होता, हे सांगितलं पाहिजे. तो मराठीत बोलला, खाली उतरून लोकांत आला. 'ग्राहकाचं मन ओळखा' असं मागं फलकावर लिहिलेलं होतं. संगीतानं हात वर केला आणि सासऱ्याला उठवलं. धुळाजी फेटा सावरत उभा राहिला. पुढ्यात माइक आला. त्यानं एकदा संगीताकडं पाहिलं आणि आकडा सांगितला. तो इथं लिहायचं काही कारण नाही.

"वा बाबा, वा!" साहेब म्हणाला. "टाळ्या झाल्या पाहिजेत!"

आणि अख्ख्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. शेकडो परकी माणसं माना वळवून, डोळे मोठे करून धुळाजीकडं बघत होती. मागून कुणीतरी "बाप रे" म्हणालं. धुळाजीनं फेट्याचा शेव ओढून तोंडावर घेतला. लोकांना वाटलं, म्हातारा लाजला.

"साहेब, म्हनून आमची गाडी चालू करा," संगीता घाईनं म्हणाली. "पावसाच्या आत लस टोचायची हाय."

साहेबानं शेजारच्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये पाहिलं. "ताई, इथं तर यांच्या नावावर पंधरा दिसतायत."

"ते चुकीचं हाय."

"चुकीचं कसं? यांनीच सांगितलंय." तो रागावला नव्हता, समजावून सांगत होता. "असं करा, पुढच्या सर्वेक्षणाला माणूस येईल, तेव्हा हाच आकडा सांगा. अगदी न संकोचता सांगा. त्याशिवाय मला इथून काही बदलता येत नाही हो." मग त्यानं धुळाजीच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला, आकडा पुन्हा एकदा विचारून कागदावर टिपून घेतला, आणि कंपनीची टोपी दिली.

परतीच्या एसटीत धुळाजी फेट्याचा शेव तोंडावर ओढूनच बसला. टोपी सीटवरच राहिली. ती संगीताच्या लक्षात आली, पण तिनं उचलली नाही.

पाऊस झाला, माळ हिरवा झाला. पहिलं मेलं ते सगळ्यात धष्टपुष्ट कोकरू. सकाळी उड्या मारत होतं, दुपारी मान मागं टाकून पडलं. दुसऱ्या दिवशी आणखी मेली, आणि मरायची थांबेनात. संगीतानं कंपनीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची मुलगी फार हळहळली. तिला खरंच वाईट वाटलं असावं. पण तिच्या समोरच्या यादीत तलवाडा नव्हतं, आणि जे यादीत नाही तिथं ती गाडी पाठवणार कुठून? शिवशंकर डॉक्टरनं फोनवरूनच सांगितलं, की कोवळ्या गवतावरून काढा, उपाशी ठेवा, पण लागण झाल्यावर हातात फारसं काही राहत नाही.

धुळाजी खड्डा खणत होता. संगीता त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. तिला आता राहवत नव्हतं.

"मामा, ही दृष्ट न्हाई. डॉक्टर म्हनले, पोटात ईष तयार व्हतं. जे लई खातं, जे चांगलं पोसलेलं असतं, तेच आदी मरतं."

धुळाजीनं फावडं टेकवलं. तिचं बोलणं त्यानं नीट ऐकून घेतलं.

"तेच म्हनतो मी," तो म्हणाला. "दृष्ट चांगल्यावरच गेली." आणि फावडं पुन्हा उचलत, तिच्याकडं न बघता, "तुजा काय दोस न्हाई, पोरी. तोंड माजं व्हतं."

त्यानं तिला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कंपनीवर तो चिडला नाही. कंपनी त्याच्या हिशोबात कुठं बसतच नव्हती. देव होता, कळप होता, आणि मोजणारा तो होता. संगीताला सगळं कळत होतं, लस, यादी, टॅब, पंधरा. पण जे तिला कळत होतं ते सासऱ्याच्या गळी उतरेना आणि साहेबाच्याही गळी उतरेना. दोघंही तिच्याशी चांगलेच बोलत होते.

उरलेल्यांसाठी औषध आणायला ती गेवराईला गेली. दुकानाच्या दाराशीच तिचे पाय थबकले. काचेवर नवं कोरं पोस्टर होतं. फेट्याचा शेव हातात धरलेला धुळाजी, खांद्यावर साहेबाचा हात, आणि खाली 'धुळाजीबाबांच्या इतक्या मेंढ्यांचा विश्वास, पशुसेतू'. इतक्या म्हणजे किती, ते आकड्यात होतं, आणि आकडा धुळाजीच्या डोक्यापेक्षा मोठा होता.

"हे काढा," ती दुकानदाराला म्हणाली.

"कावून? सासऱ्याचं नाव झालं की जिल्ह्यात," दुकानदार म्हणाला. "आन् मी येकट्यानं काढून काय व्हतंय? बीडला, परळीला, समद्या दुकानांत लागलंय."

तिनं औषध घेतलं आणि ती तिथून निघाली.

वस्तीवर पोचली तेव्हा मेंढरं वाघरीत शिरत होती. धुळाजी तोंडाशी उभा होता. पण आता तो नुसता बघत नव्हता. प्रत्येक पाठीवर हात ठेवत होता आणि त्याचे ओठ हलत होते. एकदा मोजल्यावर त्याला न मोजता बघताच येईना. शेवटचं मेंढरू आत गेलं, तो थांबला, आणि पुन्हा सगळी बाहेर काढायला लागला, चुकली असेल म्हणून.

संगीता पुढं झाली, त्याला थांबवायला. रतनबाईनं तिचा दंड धरला.

"मोजू दे," ती म्हणाली. "आता झाकायचं काय ऱ्हायलंय?"