आधी गळ, मग रंग

मी एक पत्र्याची पेटी बोलतेय. रंगाने हिरवी, हातभर लांब, आत उचलून ठेवायचा एक कप्पा. ओहायोच्या कारखान्यात माझा जन्म झाला तो मासेमारीच्या सामानासाठी. इंडियानातल्या वॉल्टर टार्बेल नावाच्या सुताराने मला घेतलं आणि चार उन्हाळे मी त्याचे गळ आणि दोरे तळ्याकाठी सुखाने सांभाळले. मग त्याचा मुलगा हॉलिस, त्याच्या डोक्यात नट व्हायचं खूळ शिरलं. रंग ठेवायला काहीतरी हवं म्हणून त्याने मलाच उचललं.

"माझे गळ बादलीत ओतून हिच्यात लाली भरलीस?" वॉल्टर कडाडला. "जा मग! मासे नाही, निदान माणसं तरी गळाला लाव!"

हॉलिसला तोंड रंगवायला शिकवलं एका म्हाताऱ्या नटाने. त्याने अर्धा डबा पावडर दिली आणि एक नियम दिला. रंगपेटी कधी पुसायची नाही, नटाचं नशीब तिच्या मळात असतं. हॉलिसने तो नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळला. माझा पार उकिरडा झाला, पण मी खूश होते. गावोगावच्या उन्हाळी नाटकांत मी त्याच्या आरशासमोर मिरवायची.

एकदा मेन राज्यात, धान्याच्या जुन्या कोठारात नाटक होतं. हॉलिस कपडे बदलायला गेला आणि त्याच्या चार वर्षांच्या मुलीने, मेरिबेथने, माझा कप्पा उचलला, लाल रंगात पंजा बुडवला आणि थेट माझ्या तळाला छापला. तिच्या आईने घाबरून कप्पा वरून दाबून बसवला. ओल्या रंगावर तो चिकटला तो चिकटलाच. माझ्या पोटात काय आहे ते हॉलिसला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर लगेच सिनेमावाल्यांनी त्याला नेलं. तिथे तोंड रंगवायला पगारी माणसं, त्याला स्वतःच्या नाकाला बोट लावायची मुभा नाही. आधी तो शेरीफ झाला, मग न्यायाधीश, मग मरणाऱ्या आजोबांच्या भूमिका. मी छत्तीस वर्षं गॅरेजमध्ये पंक्चर टायरशेजारी. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? गाडी काढताना तो कधीतरी माझ्या झाकणावर थाप मारायचा, तेवढ्यावर मी दिवस काढले.

सहासष्टाव्या वर्षी त्याला न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर काम मिळालं, एका म्हाताऱ्या नावाड्याचं. आपल्याला आता जमेल की नाही, या भीतीने त्याला जुनी पेटी आठवली. त्याने मेरिबेथला मला आणायला सांगितलं. ती आता चाळीस वर्षांची, दातांची डॉक्टर. तिला कुठला नियम माहीत? तिने मायेने मला गरम पाणी आणि साबणाने दोन तास घासलं. पहिल्या प्रयोगाला मी फीत बांधून आरशासमोर हजर!

हॉलिसने झाकण उघडलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"हे कोणी केलं?"

"मी, डॅडी. काय अवतार झाला होता तिचा!"

"मी जाणार नाही स्टेजवर. सांग त्यांना, दुसऱ्या कोणाला उभं करा."

ओपल, त्याचे कपडे सांभाळणारी बाई, तोंडातली टाचणी काढून म्हणाली, "हॉलिस, सहासष्टाचा आहेस, सहाचा नाही. गुंड्या लाव."

"सगळं नशीब धुऊन टाकलं हिने!"

भिंतीवरच्या कर्ण्यातून हाक आली, "पडदा उघडायला अर्धा तास!" मेरिबेथचे डोळे भरून आले. "तुझ्यासाठीच केलं रे," एवढंच ती म्हणाली.

मला ओरडावंसं वाटत होतं, अरे गाढवा, कप्प्याखाली बघ! पण पत्र्याला कुठली वाचा? तेवढ्यात त्याने रागाने कप्प्याला हिसका दिला. साबणाच्या पाण्याने सैल झालेला तो कप्पा त्याच्या हातात आला.

ओपलने चष्मा चढवला. "हा एवढासा पंजा कोणाचा?"

मेरिबेथ वाकून बघत राहिली. "माझाच. ते कोठारातलं नाटक नाही का, तू राजा झाला होतास. आई म्हणाली, डॅडीला सांगू नकोस, पेटीला हात लागला कळलं तर तो स्टेजवर जायचा नाही."

"त्या दिवशी?" हॉलिस मटकन खाली बसला. "त्या दिवशी तर टाळ्या थांबेनात म्हणून पडदा पाच वेळा पुन्हा उघडावा लागला! सिनेमावाला माणूस तिथेच बसला होता."

"मग कळलं ना नशीब कोणाच्या मळात होतं?" ओपल म्हणाली. "आता गुंड्या लाव."

हॉलिसने लाल रंगाची कांडी मेरिबेथपुढे धरली. "फास हाताला," तो म्हणाला, आणि तिचा तळवा त्याने स्वतः माझ्या झाकणाच्या आत दाबला. मग पंधरा मिनिटांत त्याने तोंड रंगवलं. एकही रेघ पुसावी लागली नाही. थोड्या वेळाने कर्ण्यातून आधी प्रेक्षकांचं हसू ऐकू आलं, मग टाळ्या.

पुढे अकरा वर्षं त्याने काम केलं. आता तो एक्क्याऐंशीचा आहे, बापाच्या तळ्याकाठी राहतो. माझ्यात पुन्हा गळ आलेत, कोपऱ्यात लाल कांडीचा तुकडाही आहे. रविवारी मेरिबेथ येते आणि दोघं दोऱ्या सोडून बसतात. मासे फारसे लागत नाहीत, पण कोणाची तक्रार नसते.

उद्या मी तुमच्या हाती आले, तर बाहेरून खुशाल पुसा, गंज काढा, वाटलं तर नवा हिरवा रंगही द्या. आत मात्र फडका घालू नका. आत दोन पंजे आहेत, एक लहान, एक मोठा, आणि दोन्ही एकाच पोरीचे.