पितळी पान

“भाऊजी, हे काय आहे ते सांगा आधी!”

वहिनींनी चिखलाने माखलेला तो पारदर्शक पापुद्रा दिराच्या टेबलावर, थेट चहाच्या कपाशेजारी आपटला. उसाच्या चिपाडाचे वाडगे बनवणारा कारखाना आता दिराचा, तो वहिनी म्हणायचा म्हणून कामावरच्या सगळ्याच त्यांना वहिनी म्हणत. सकाळी टोमॅटोची रोपं लावायला त्या मागच्या वाफ्यात बसल्या आणि हे ध्यान खुरप्यात अडकलं. उसाच्या चिपाडाचा वाडगा मातीत पार विरघळून गेला होता. त्याच्या आतला हा पापुद्रा मात्र वाडग्याचा आकार धरून ढिम्म बसलेला.

नव्या मालातला एक वाडगा वाफ्यात पुरून ठेवायचा, ही त्यांच्या यजमानांची रीत. “आपण काय विकतो ते मातीला कळायला नको?” म्हणायचे. ते गेले, रीत वहिनींनी सोडली नाही.

“अहो, नुसतं अस्तर आहे,” दीर म्हणाला. “रस्सा गळतो म्हणून हॉटेलवाले बोंब मारतात.”

“प्लास्टिकचं ना? मला म्हणालात, पिठाचा थर आहे!”

“खरं सांगितलं असतं तर तुम्ही मशीन चालवलं असतं?”

“मुळीच नसतं! अस्तर लावायचं तर खुशाल लावा. पण मग बुडाला पानाचा ठसा कशाला? ते पान बघून, मातीत कुजेल म्हणून लोक वाडगा बागेत टाकतात, भाऊजी.”

“पान नसेल तर माल कोणी हातात घेणार नाही. संध्याकाळी ट्रक येतोय. किती घरांच्या चुली ह्यावर पेटतात, ठाऊक आहे ना?”

“माझीही त्यातच आहे,” वहिनी म्हणाल्या आणि तडक मशीनकडे गेल्या.

साच्याच्या तळाशी ते पितळी पान दोन स्क्रूंनी बसवलेलं होतं. प्रत्येक वाडग्यावर त्याचाच ठसा उठायचा. यजमानांनी स्वतः कानस घासून केलेलं. एक शीर जरा वाकडी गेली होती. ते मोडून दुसरं करायला निघाले, तर वहिनींनीच हात धरला होता. “राहू द्या हो, खरं पान तरी कुठे सरळ असतं!”

साचा गरम होता. फडकं गुंडाळूनही बोटं पोळली. पान निघालं, तसं त्यांनी ते पदरात बांधलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. वाडगे कोऱ्या बुडाचे बाहेर पडू लागले. कडा कापणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत वहिनी खुरपं घेऊन एकट्याच मागे गेल्या.

दुपारी दिराने वाडगा उलटा केला आणि त्याचा पारा चढला.

“पान कुठंय?”

“पुरलं. वाफ्यात.”

“पुरलं? डोकं फिरलंय का तुमचं?”

“कुजलं की आणून देते.”

एक बाई फिसकन हसली. दीर लालबुंद झाला. “नवं करून आणीन मी! उद्या!”

“आणा ना. ते तुमचं असेल. ह्यांचं पान खोट्या मालावर उठणार नाही. निदान माझ्या हातून तरी नाही.”

“मग उद्यापासून मशीनवर उभ्या राहू नका.”

यजमानांनी वहिनींना ह्याच मशीनवर उभं केलं होतं. पण मान काही खाली गेली नाही. “नाही राहणार,” त्या म्हणाल्या. “रोपांना पाणी घालायला मात्र येईन. ते अडवून दाखवा.”

संध्याकाळी ट्रक आला आणि बिनपानाचा माल न घेता रिकामाच परत गेला. वहिनींनी मशीन पुसलं, डबा पिशवीत टाकला, नखांतली माती धुतली. निघताना सवयीने एक वाडगा उचलला. अंगठा बुडाखाली ती वाकडी शीर शोधत फिरला. बूड गुळगुळीत होतं. वहिनींनी वाडगा जागेवर ठेवला आणि दिवा मालवला.