पदपथाखालची उचकी

"तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि ठेवूही नकोस," हेडफोन गळ्यात उतरवत काकांनी जाहीर केलं, "पण या शहरातले पदपथ तुझ्या काकूच्या एका उचकीनं झालेत!"

केबल गुंडाळणारी कॅमेरावाली थांबली. भर रस्त्यावर घेतलेल्या पदपथाच्या व्हिडिओखाली फ्रिजची घरघर कुठून आली, एवढंच तर तिनं विचारलं होतं. काका या व्हिडिओ बनवणाऱ्या संस्थेचे जुने संकलक. पाणी असो, पेन्शन असो, धोरणाचं कसलंही किचकट प्रकरण चार मिनिटांत लोकांच्या गळी उतरवणारे.

"मुलाखत संपली की आपण सगळे अर्धा मिनिट गप्प राहून खोलीची शांतता रेकॉर्ड करतो की नाही? जोड कळू नयेत म्हणून खाली अंथरायला? पेन्शनच्या व्हिडिओच्या वेळी जागा मिळेना, म्हणून आमच्याच स्वयंपाकघरात उरकलं. शांतता घेताना काकूला नेमकी उचकी लागली. तोंड दाबून बसली बिचारी, तरी निसटलीच. म्हटलं, अगं, मी तर हा समोर, मग तुझी आठवण काढतंय कोण?"

कोण ते लवकरच कळलं. समुद्रापलीकडे लेकीचं बाळंतपण आलं. काकू चार महिन्यांसाठी गेल्या आणि नातवात अडकल्या. नातू आता शाळेत जातो. यातलं काका काही बोलले नाहीत. पडद्यावरच्या आवाजाच्या रेघेत एक बारीकसा उंचवटा होता, त्यावर त्यांचं बोट जरा वेळ टेकून राहिलं.

"तर तीच शांतता घातली पदपथाखाली. व्हिडिओ बघून रस्तेखात्याच्या साहेबांनी 'प्रकरण विचाराधीन आहे' म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेल तर शपथ! महापालिकेच्या सभागृहात लावला, तर सभासद चक्क एकमेकांचं ऐकत बसले, आणि पदपथ मंजूर! पहारेकरी धावत आला, म्हणाला, आत सगळे बरे आहेत ना?"

"काका, पुरे हं!"

"ऐक तर. लेकीनं तिकडे काकूला व्हिडिओ दाखवला. लगेच फोन. 'अहो, रस्त्यात माझी उचकी कशी?' म्हटलं, घरात ऐकायला कोणी नाही, म्हणून रस्त्यावर ठेवलीय. आणि चौथ्या दिवशी बाईसाहेब बॅगेसकट दारात! आता घरी शांतता म्हणून नाही. पंखा पुसा, चपला नीट ठेवा, आवाज कमी करा. कान किटले माझे."

काका मनापासून हसले. कॅमेरावालीही हसली. हसता हसताच तिनं हेडफोन कानाला लावला आणि आज बाहेर पडायचा पाणीपट्टीचा व्हिडिओ सुरू केला. नळ, मीटर, रांग. खाली फ्रिजची घरघर. मग ती दाबलेली, निसटलेली उचकी.

तिनं हेडफोन हळूच खाली ठेवला.

"काका, थाप मारताय तुम्ही. काकू घरी आल्या असत्या, तर तुम्ही आजसुद्धा हीच शांतता कशाला अंथरली असती?"