आभाळातल्या पात्याची राख

तुळशीदासची बायको द्रौपदा मंचरच्या दवाखान्यात वारली. त्यानं खोडदला जीपमधून उतरून ते सांगायला तोंड उघडलं, पण वाटेवर ऐकायला कोणी नव्हतं. सगळी आळी शेजारच्या गेणभाऊच्या अंगणात लोटली होती. काठीवाचून पाऊल न टाकणारी गेणभाऊची बायको, गोजरबाई, तिथं चालून दाखवत होती.

पाटावर नक्षत्रबाबा बसला होता. हातात पंखासारखं, दोन टोकांचं पातं. टीव्हीवरच्या अवकाशातल्या लढायांच्या मालिकेत नायकाकडं तसलंच असायचं. पोरं तसं ओरडलीसुद्धा.

"मालिकावाल्यांना सपनात दिसलं, आमाला परतेक्ष गावलं!" बाबा गरजला. "आपल्या शिवारातल्या ह्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या छत्र्या आभाळाकडं तोंड करून कशापायी उभ्या हायेत? ह्याच्यासाठी! हा पृथ्वीवरचा धातू न्हाई. लावा लोहचुंबक!"

गेणभाऊनं लावून पाहिलं. चिकटलं नाही. मग बाबानं ओल्या फडक्यानं पातं पुसलं. थोड्या वेळानं ते तापलं आणि त्यावर बुरशीसारखी करडी राख उगवली. लोकांनी हात जोडले.

हीच राख द्रौपदानं गुडघ्यांसाठी मधातून चाटली होती. मग उलट्या, मग लघवी बंद, मग मूत्रपिंडं गेली.

तुळशीदासनं द्रौपदा गेल्याचं सांगितल्यावर बाबा म्हणाला, "राख गोजरबाईला दिली तीच व्हती. श्रद्धा कमी पडली."

तेरावं झालं तरी ते वाक्य तुळशीदासला घास गिळू देईना. कुंपणापलीकडं गेणभाऊ बायकोला हाक मारायचा, ती "ओ" द्यायची. त्या "ओ"चा त्याला हेवा वाटायचा. ती पुन्हा लंगडावी, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. दोघींना एकाच बैठकीत राख मिळाली होती. मग कमी पडली ती आपल्याच बायकोची श्रद्धा?

हेच त्यानं हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या रत्नाबाईंना विचारलं.

"श्रद्धा मला मोजता येत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "धातू बघता येईल."

पुढच्या बैठकीत रत्नाबाईंनी गेणभाऊच्याच चुलीजवळचं ॲल्युमिनियमचं झाकण घासून आणलं. "बाबा, तेच फडकं ह्याला फिरवा की."

"खरकटं भांडं! आभाळ कोपंल!"

"कोपू द्या राव," म्हणत तुळशीदास फडक्याकडं झेपावला.

"उघड्या हातानं नको!" रत्नाबाईंनी त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी घातली.

त्यानं झाकण पुसलं. झाकण तापलं. राख उगवली.

"आगं बया," आळीतली प्रयागबाई म्हणाली, "गेणभाऊचं झाकण बी आभाळातून पडलं व्हय?"

माणसं हसली. रत्नाबाई हसल्या नाहीत.

"पातंही ॲल्युमिनियमचंच आहे. नाटका-सिनेमासाठी असली खोटी हत्यारं ह्याच पत्र्याची करतात. ह्याला लोहचुंबक चिकटत नाही. ह्याच्यावर पातळ थर असतो, म्हणून हवा त्याला खात नाही. फडक्यात पाऱ्याचा क्षार आहे, तो थर मोडतो. मग धातू हवेनं तापतो, त्याची राख होते. तो क्षार विष आहे. ते राखेतून पोटात गेलं."

तुळशीदास गोजरबाईकडं वळला. "मग वैनी, तुमी कशा वाचला?"

तिनं मान खाली घातली. "मी खाल्लीच न्हाई, भावजी. राख गिळवंना. उकिरड्यावर टाकली. गुडघ्यांची सूज दवाखान्याच्या गोळ्यांनी उतरली."

"द्रौपदाला सांगितलं व्हतं?"

"न्हाई. समद्यांम्होरं बाबानं माजं नाव घेतलं. लई बरं वाटलं व्हतं."

इतके दिवस ज्या बाईचा हेवा केला, तिच्याकडं तुळशीदास बघतच राहिला. द्रौपदाची श्रद्धा कमी नव्हती. पुरी होती, म्हणूनच तिनं पुडी शेवटपर्यंत चाटली.

पोलिसांनी बाबाला नेलं, पण तो जामिनावर सुटला. आता म्हणे आळे गावाकडं बैठका घेतो. तिथल्या लोकांनी एवढंच करावं: पात्याला हात जोडण्याआधी घरातल्या ॲल्युमिनियमच्या झाकणाला लोहचुंबक लावून बघावं, आणि अंगाला बरं नसेल तर डॉक्टरकडं जावं.

आपण राख खाल्लीच नव्हती, असा गोजरबाईचा जबाब खटल्याला हवा आहे. गेणभाऊ म्हणतो, गावात नाचक्की होईल. तुळशीदास रोज कुंपणापाशी जाऊन विचारतो. जबाब अजून झालेला नाही.