कॉकपिटमधली तिसरी खुर्ची

माझ्या सासूबाईंचा माझ्या नोकरीवर विश्वास आहे. नोकरीला जाण्याच्या पद्धतीवर नाही. "विमान चालवणारी तू, आणि जागा उरली तर नेतात म्हणे! ड्रायव्हरला कुणी टपावर बसवतं का?" असे त्या दर खेपेला विचारतात. प्रश्न तर्कशुद्ध आहे. उत्तर एवढेच, की मी राहते एका शहरात, माझी विमाने सुटतात दुसऱ्या शहरातून, आणि मधले अंतर मला दुसऱ्यांच्या विमानात, उरलेल्या जागेवर बसून कापावे लागते. नवऱ्याची प्रयोगशाळा इथे, मुलीची शाळा इथे, सासूबाईंचे डॉक्टर इथे. कंपनीचे म्हणणेही स्वच्छ आहे: राहता कुठे हा तुमचा प्रश्न, हजर केव्हा होता हा आमचा.

त्या दिवशी दुपारी तिकडे माझी कॅप्टनपदाची चाचणी होती. मागच्या खेपेस सगळी विमाने भरून गेली आणि मी चाचणीला पोहोचलेच नाही. पुन्हा गैरहजर राहिले असते तर माझे नाव रांगेच्या शेवटी गेले असते, आणि ती रांग वर्षांच्या हिशेबाने सरकते. म्हणून मी आदल्या दिवशीच निघाले होते. त्याही दिवशी जागा उरली नाही. संध्याकाळी बॅग ओढत घरी आले तेव्हा नवऱ्याने विचारले, "गेलीस की आलीस?"

सकाळी पुन्हा विमानतळावर उभी राहिले. दरवाजापाशी संगणकावर बसलेला कर्मचारी मान न उचलता म्हणाला, "केबिन फुल्ल आहे, मॅडम. कॉकपिटमधली खुर्ची तेवढी रिकामी आहे. पण मास्तरांना विचारावं लागेल."

मास्तर म्हणजे त्या विमानाचे कॅप्टन. निम्म्या वैमानिकांना त्यांनी शिकवले होते आणि उरलेल्या निम्म्यांना झापले होते. कॉकपिटमधली तिसरी खुर्ची ही दोन वैमानिकांच्या मागे बसवलेली, घडी घालून ठेवण्याची अरुंद गोष्ट आहे. ती देणे न देणे सर्वस्वी कॅप्टनच्या मर्जीवर. रिवाज असा, की कितीही ओळख असली तरी दारात उभे राहून विचारायचे. बसल्यावर गप्प राहायचे. काही चुकताना दिसले, तर मात्र गप्प राहायचे नाही.

अलीकडे या खुर्चीला एक अफवाही चिकटली होती: कंपन्या म्हणे आपले तपासनीस साध्या ये-जा करणाऱ्या वैमानिकांच्या वेषात तिथे बसवतात. पुरावा कुणाकडेच नव्हता. अफवेला तो लागतही नाही.

मास्तरांनी माझे ओळखपत्र पुढून पाहिले, मागून पाहिले, मग मला पाहिले.

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

"घर तिकडे नाही आणि नोकरी तिकडे आहे, सर. त्यानेच पाठवलंय."

उजवीकडच्या खुर्चीतला तरुण सहवैमानिक हसला आणि लगेच थांबला.

"बसा," मास्तर म्हणाले. "पण डोळे खिडकीबाहेर."

"तुम्हीही ये-जा करता का, सर?"

"छे! मी इथलाच. चालत येईन एवढ्यावर घर."

मी बसले, पट्टा बांधला आणि खिडकीबाहेर पाहण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण माझ्या अगदी समोर मास्तरांचा खांदा होता, आणि खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्यांत राखाडी तंतू अडकले होते. तसे तंतू घरच्या पांघरुणाचे नसतात. विमानातल्या स्वस्त ब्लँकेटचे असतात. मनात पाल चुकचुकली. मी तिला गप्प केले. तंतूंवरून काही सिद्ध होत नाही.

तेवढ्यात सहवैमानिकाने इंधनाचा आकडा सांगितला. मास्तर गप्प. त्याने पुन्हा सांगितला. मास्तर म्हणाले, "तोंडातल्या तोंडात काय बोलतोस?" मुलगा स्पष्ट बोलला होता. मला मागे ऐकू आले होते.

मास्तरांचा हेडफोन फक्त डाव्या कानावर होता. पुष्कळ कॅप्टन तसाच लावतात. उजवा कान शेजारच्या माणसासाठी मोकळा ठेवतात. मी उजवीकडे झुकून नेहमीच्या आवाजात विचारले, "सर, दार लावू का?" उत्तर नाही. डावीकडे झुकून तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा विचारले.

"मी सांगेन तेव्हा," मास्तर म्हणाले.

एकदा घडले तर योगायोग म्हणता येतो, म्हणून प्रयोग पुन्हा केला. निकाल तोच. मग मी जरा पुढे वाकून पाहिले. मास्तरांच्या उजव्या कानात नारिंगी फोमचा बोळा होता. प्रवासी होऊन विमानात झोपणारे वैमानिक घालतात तसा.

आता मी काही न बोलणे अत्यंत सोपे होते. विमान वेळेवर सुटणार होते, बोळा कधीतरी आपोआप पडला असता, आणि दुपारी मी चाचणीला हजर असते. विमाने तशी फार विश्वासू यंत्रे आहेत. बहुतेक वेळा काहीच होत नाही. या "बहुतेक"शी माझे कधी जमले नाही.

"सर, उजव्या कानाला जरा हात लावून बघता का?"

"म्हणजे?"

"लावून तर बघा."

दुसऱ्याचा दात आपल्या तोंडातून निघावा तसे मास्तर तळहातावरच्या बोळ्याकडे पाहत राहिले.

"सर, मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलात," सहवैमानिक म्हणाला.

"निघाला ना? आता ऐकू येतंय. विषय संपला."

"बोळ्याचं काही नाही, सर. तो कानात आहे हे तुम्हाला कळलं नाही, त्याचं आहे. आज कुठून आलात?"

मास्तर पूर्ण वळले. "म्हणजे पाठवलंयच तुम्हाला."

"दुपारी माझी कॅप्टनपदाची चाचणी आहे. हे विमान वेळेवर सुटावं असं इथे सगळ्यांत जास्त कुणाला वाटत असेल तर मला."

मास्तरांनी डोळे चोळले, तेव्हा ते किती लाल आहेत हे दिसले.

"तिकडे घरी आईला रात्रभर धाप लागली होती," ते म्हणाले. "तिच्या उशाशी होतो. पहाटेच्या मालवाहू विमानाने आलो. डुलकी लागली असेल तेवढीच. पण तुम्ही ओळखलंत कसं?"

मी शर्टाच्या खिशातून माझे दोन बोळे काढून दाखवले. तेही नारिंगीच होते.

मास्तर खिन्न हसले आणि फोन उचलून म्हणाले, "आज मी उडवण्याच्या स्थितीत नाही. राखीव कॅप्टन पाठवा." जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

राखीव कॅप्टन आले तेव्हा उशीर झाला होता, पण माझ्या हिशेबाने अजून चाचणी गाठता आली असती. परवानगी कॅप्टनबरोबरच उतरते. म्हणून मी पुन्हा दारात उभी राहून विचारले.

"तुम्हीच का त्या? मास्तरांना उतरवणाऱ्या?"

"ते स्वतः उतरले."

"असेल. खुर्ची नादुरुस्त आहे."

"मी आत्ता तिच्यावर बसले होते, सर."

"मग तेव्हाच बिघडली असेल."

सहवैमानिक काही बोलायला गेला आणि समोरच्या घड्याळांकडे पाहत राहिला. त्याचेही बरोबर होते. त्याला त्या माणसाशेजारी बसायचे होते. मी बॅग घेऊन उतरले. थोड्या वेळाने विमान निघाले, आणि काचेतून मला ती रिकामी खुर्ची दिसली नाही, एवढेच बरे.

घरी सासूबाईंनी दार उघडले. माझ्याकडे पाहिले, बॅगेकडे पाहिले.

"आजही जागा उरली नाही?"

"उरली होती."

"मग?" त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांग हो, नोकरी आहे ना अजून?"

"आहे," मी बूट काढत म्हणाले. "होती तीच आहे."